गेटपाशी दिलेला चहा

माझा पाय हलतो. खुर्चीत बसले की उजवा पाय टेबलाखाली आपोआप सुरू होतो आणि मी उठेपर्यंत थांबत नाही. ऑफिसमधल्या लोकांनी त्याची सवय करून घेतली आहे, नवऱ्याने तर लग्नाआधीच करून घेतली होती. सासूबाईंनी मात्र कधीच घेतली नाही. त्या पुण्याहून आमच्या लंडनजवळच्या, वॉटफर्डच्या घरी आल्या की जेवायला बसल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि सांगतात, बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी निघून जाते. मी म्हणते, आई, लक्ष्मी यावी म्हणून तर हलतोय. हा विनोद त्यांना आजवर एकदाही आवडलेला नाही.

मी वकील आहे, पण काळा कोट घालून कोर्टात भांडणारी नव्हे. इथे कोणाला काही बांधायचं असलं की आधी परवानगी लागते, आणि ती मिळवून देणं हे माझं काम. घरं, गोदामं, एकदा तर एक स्मशानभूमी. गेली काही वर्षं बहुतेक पवनचक्क्या. लोकांना वाटतं की पवनचक्की उभारणं म्हणजे इंजिनियरचं काम. इंजिनियर शेवटी येतो. त्याच्या आधी कितीतरी वर्षं माझ्यासारखी माणसं पक्षी, वटवाघळं, जुने दगड, रस्त्याची वळणं आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या यांच्यावर कागद लिहीत बसलेली असतात.

ही गोष्ट मध्य वेल्समधल्या एका खोऱ्यातली आहे. एका छोट्या कंपनीला तिथल्या डोंगरमाथ्यावर तीन पवनचक्क्या लावायच्या होत्या. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, नकार दिला, आम्ही अपील केलं, आणि अपिलाची सुनावणी गावच्या हॉलमध्ये ठरली. अशा सुनावणीला सरकार एक तिऱ्हाईत माणूस पाठवतं. तो दोन्ही बाजूंचं ऐकतो, जागा स्वतः बघतो आणि निकाल देतो. त्याला इन्स्पेक्टर म्हणतात. कंपनीची ही शेवटची संधी होती. पुन्हा नकार आला असता तर वीजवाहिनीला जोडायची त्यांची राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाकडे गेली असती आणि सगळंच मिटलं असतं.

नेमक्या त्याच आठवड्यात नवऱ्याचा बेसिंगस्टोकला कुठलासा गो-लाइव्ह, म्हणजे नवं सॉफ्टवेअर सुरू करायचा दिवस, होता आणि तो तिथेच हॉटेलात मुक्कामाला होता. सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना नुकतीच एकदोनदा चक्कर आलेली. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. मग काय करणार, कागदांचे खोके डिकीत, सुनावणीत आमची बाजू मांडणारे बॅरिस्टर साहेब ट्रेनने आणि सासूबाई माझ्या शेजारच्या सीटवर, मांडीवर थर्मास आणि पायाशी बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. पाच तास त्या मला सांगत होत्या की गाडी हळू चालव. मी हळूच चालवत होते. पायाने नाही, मनाने धावत होते.

हॉल म्हणजे बॅडमिंटनच्या रेघा आखलेली लाकडी जमीन, घडीच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात एकुलता एक हीटर. सुनावणी कोणीही येऊन ऐकू शकतं, म्हणून सासूबाईंना मी मागच्या रांगेत बसवलं आणि पुढे जाऊन माझी कागदपत्रं लावू लागले. मागे वळून पाहिलं तर त्या जागेवर नाहीत. अशा हॉलमध्ये कोणी सांगत नाही, पण माणसं आपोआप दोन बाजूंना बसतात, लग्नातल्या मुलाकडच्या आणि मुलीकडच्या मंडळींसारखी. आमच्या बाजूला चार माणसं होती. विरोधकांच्या बाजूला अख्खं खोरं होतं, आणि हीटरही. सासूबाई उठून हीटरजवळ जाऊन बसल्या होत्या. शाल नीट करून, विरोधकांच्या बरोबर मध्ये.

बॅरिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांना उठवून आणणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्यांच्या शेजारी बसली होती ती आजी. मी तिला मनातल्या मनात आजीच म्हणायचे. कागदोपत्री ती एक घर होती. आमच्या नकाशावर तिच्या घराला एक आकडा होता, आणि त्या आकड्यापुढे आवाज किती येईल, सावली किती पडेल, खिडकीतून काय दिसेल, सगळं मोजून लिहिलेलं होतं. सगळं मर्यादेत होतं. ती त्या घरात जन्मली होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट डोंगरमाथ्याकडे उघडायची. पहिल्याच दिवशी ती उठली आणि वेल्शमध्ये बोलली, तिकडे तो हक्क आहे, आणि आम्ही बाकीचे कानाला हेडफोन लावून दुभाष्याकडून ऐकत होतो. ती फार बोलली नाही. तिने आवाजाबद्दल काही म्हटलं नाही, पक्ष्यांबद्दल नाही. ती एवढंच म्हणाली की सकाळी भांडी घासताना ती त्या माथ्याकडे बघते, आणि तिथे पाती फिरायला लागली तर ती त्या घरात राहणार नाही. जाईल.

हे ऐकून मला राग आला. खरंच आला. मी या कामावर विश्वास ठेवणारी बाई आहे, पोटापुरता नव्हे, मनापासून. वीज कुठून तरी येणारच, आणि ज्याच्या खिडकीतून काही दिसत नाही अशी जागा या देशात उरलेली नाही. जाईन म्हणणं ही काय पद्धत झाली? वादाला उत्तर देता येतं, आकड्याला आकडा देता येतो. ‘मी जाईन’ याला काय उत्तर देणार? माझा पाय टेबलाखाली असा हलत होता की बॅरिस्टरच्या ग्लासातलं पाणी थरथरू लागलं. त्याने ग्लास उचलून पलीकडे ठेवला.

मागे हीटरपाशी सासूबाईंनी कानाला हेडफोन लावला होता. त्यातून मराठी येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी तो काढला नाही. संध्याकाळी गाडीत त्यांनी विचारलं, ती बाई काय बोलली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरच्या पठारावरही पवनचक्क्या आल्या, सवय होते. मी म्हटलं, हो ना, मी हेच म्हणतेय. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, सवय होते ती राहणाऱ्यांना. तिचं म्हणणं वेगळं दिसतंय.

त्या दोघींचं सूत कसं जुळलं ते मला कळलं नाही. सासूबाईंचं इंग्रजी थँक्यू आणि व्हेरी कोल्ड एवढंच. आजी विणकाम करायची, सासूबाई टाके बघून मान डोलवायच्या किंवा नापसंती दाखवायच्या. एकदा मी मागे बघितलं तर आजीची सुई सासूबाईंच्या हातात होती आणि त्या तिचं काहीतरी उसवत होत्या. मी खाली बघून वटवाघळांचा अहवाल चाळू लागले.

मग आली जागेची पाहणी. इन्स्पेक्टर दोन्ही बाजूंना घेऊन डोंगरावर जातो, पण या पाहणीचा एक कडक नियम असतो. त्याच्याशी खटल्याबद्दल कोणी बोलायचं नाही. ते झाड, ती वाट, ते अमुक घर, असं बोट दाखवून फक्त दाखवायचं. आणि कोणा एका बाजूकडून त्याने काही घ्यायचं नाही. गाडीत लिफ्ट नाही, छत्री नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. कारण उद्या कोणी म्हटलं की हा माणूस त्यांच्या चहाला मिंधा झाला, तर निकाल हायकोर्टात जाऊन रद्द होऊ शकतो. एवढ्याशा गोष्टीवरून निकाल लोंबकळलेले मी बघितले आहेत.

आम्ही आधी आजीच्या घरी गेलो. लोखंडी चुलीवर किटली होती, झाकण थरथरत होतं, टेबलावर कप मांडलेले होते. विरोधकांच्या बाजूने बोलणारा एक निवृत्त गृहस्थ होता, त्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने कपांकडे बघितलं आणि किटली बाजूला सरकवली. इन्स्पेक्टर खिडकीशी उभा राहिला, बराच वेळ. आम्ही सगळे त्याच्या मागे ओले बूट घेऊन गप्प उभे. त्या घरातून आजवर कोणी चहा न घेता गेलं नसणार हे कळायला वकिली लागत नव्हती. आजी हात एकमेकांत गुंतवून उभी होती. ती खिडकीकडे बघतच नव्हती, कपांकडे बघत होती.

मग माथ्यावर गेलो. वारा असा की कागद उघडताच येईना. मला मनातून बरं वाटलं, वारा आमचा साक्षीदार होता. आजी माथ्यावर आली नाही, खाली गेटपाशी थांबली. तिथेच माझी गाडी होती आणि गाडीत सासूबाई. उतरताना मी आणि बॅरिस्टर मागे पडलो. इन्स्पेक्टर पुढे गेला होता, त्याचं जाकीट चिंब भिजलं होतं. वळणावरून गेट दिसलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. इन्स्पेक्टरच्या हातात आमच्या थर्मासचं स्टीलचं झाकण होतं. त्यातून वाफ येत होती. तो पीत होता.

मी धावले. तोवर त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने झाकण गेटच्या खांबावर ठेवलं, जणू ते फुटेल. निवृत्त गृहस्थ शेजारीच उभा होता आणि त्याचा चेहरा आपल्याला लॉटरी लागली आहे की नाही याची खात्री करून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. कोणी काही बोललं नाही. नियमच होता न बोलायचा.

गाडीत बसल्यावर मी भडकले. ‘‘आई, तो जज आहे. जज. त्याला आपण काही द्यायचं नसतं. अख्खी केस जाऊ शकते, कळतंय का तुम्हाला?’’

सासूबाई थर्मासचं बूच घट्ट करत होत्या. ‘‘मी त्याला दिलाच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तिला दिला. थंडीत उभी होती, वयाने मोठी. तिने हातात घेतला, तेवढ्यात तो कुडकुडत आला, तर तिने आपला त्याला दिला. मग मी काय हिसकावून घेऊ?’’

मी बॅरिस्टरला फोन केला. तो खूप हसला आणि मग हसायचा थांबला. तो म्हणाला की ही कहाणी खरी असेल, पण आपण ती सांगू शकत नाही. साक्षीदार म्हणजे तुझी सासू, आणि तिला इंग्रजी येत नाही. आणि आपण उठून काय म्हणायचं, की घर गमावायला निघालेल्या या आजीने लाच दिली? आपण गप्प बसायचं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘अगं, इट्स जस्ट टी.’’ मी फोन ठेवून दिला. घरच्या माणसाला आपलं काम कळत नाही याचा त्या दिवशी मला जितका राग आला तितका कधी आला नव्हता.

सकाळी मी हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी पोचले. खुर्च्या सरळ केल्या, पाण्याचे जग भरले, पुन्हा खुर्च्या सरळ केल्या. कंपनीचा मॅनेजर आला आणि त्याने विचारलं, सगळं ठीक ना. मी हो म्हटलं. एवढ्या वर्षांचं काम, त्या माणसाने घेतलेला एवढा ताप, आणि ते सगळं आल्याच्या चहात बुडणार होतं.

इन्स्पेक्टर आला, बसला आणि त्याने स्वतःच विषय काढला. काल पाहणीच्या शेवटी आपण चहाचे दोन घोट घेतले, तो थर्मास अपील करणाऱ्यांच्या वकिलांच्या कुटुंबातील बाईंचा होता असं आपल्याला समजलं, घ्यायला नको होता. याबद्दल कोणाला काही म्हणायचं आहे का? आमचा बॅरिस्टर उठून म्हणाला की आम्हाला काही म्हणायचं नाही. निवृत्त गृहस्थ उठला. तो म्हणाला की ही बाब गंभीर आहे, आमचा गट आपला हक्क राखून ठेवतो. चांगलं वाक्य होतं. मीही तेच लिहून दिलं असतं. नकार आला तर प्रश्नच नाही, परवानगी आली तर हाच चहा घेऊन ते कोर्टात जाणार.

तेव्हा आजी उठली. गृहस्थाने तिची बाही धरली. तिने ती सोडवून घेतली. आम्ही सगळे हेडफोन शोधू लागलो, पण ती इंग्रजीत बोलली, पहिल्यांदाच.

‘‘तो कप माझा होता,’’ ती म्हणाली. ‘‘तिने मला दिला. याला थंडी वाजत होती म्हणून मी याला दिला. माझ्या घरात तुम्ही मला देऊ दिला नाहीत.’’

मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण. इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने लिहून घेतलं, तिचे आभार मानले आणि पुढचा साक्षीदार बोलावला. आजी खाली बसली. तिच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी झाली, तिथला शेजारी उठून पुढच्या रांगेत गेला होता. सासूबाई होत्या तिथेच होत्या. काय घडलं ते त्यांना कळलेलं नव्हतं, पण त्यांनी आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्या ठेवतात तसा.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. तिच्या हातात एकच हत्यार होतं आणि ते तिने सगळ्यांसमोर खाली ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले आणि थँक्यू म्हटलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘तुझ्यासाठी नाही केलं.’’ आणि तिने सासूबाईंकडे हनुवटीने खूण केली. मग म्हणाली, ‘‘आणि ते खरं होतं.’’

सुनावणी संपली त्या संध्याकाळी सासूबाईंनी उरलेल्या लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. मी बॅरिस्टरला विचारून घेतलं की आता दिलेला चालेल ना. चालणार होता. डब्याकडे बोट दाखवून सासूबाईंनी मला भाषांतर करायला सांगितलं, की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, काही नाही तर साखरेचे चार दाणे तरी घालतात. मी सांगितलं. आजी हसली. तिच्या आईच्या वेळी त्यांच्या खोऱ्यातही ताटली रिकामी परत जात नसे, म्हणाली. तव्यावरचे गोड केक ती चांगले करते, तेच भरून देईन, ये घ्यायला.

काही महिन्यांनी निकाल आला. परवानगी मिळाली, अटींसकट. चहाचा उल्लेख निकालात एका ओळीचा होता. ऑफिसमध्ये केक कापला गेला. पुण्याला परतलेल्या सासूबाईंना मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘छान झालं. मग ती राहणार की जाणार?’’ मी म्हटलं, आई, आवाज मर्यादेत असेल अशी अट आहे. त्या म्हणाल्या, ‘‘अटीचं नाही विचारलं.’’

त्यानंतरचे दिवस मी नीट बसू शकले नाही. नवी केस आली, तीही पवनचक्क्यांचीच, मी ती घेतली. माझं मत बदललं नव्हतं आणि आजही बदललेलं नाही. चुकलं काय हे मला कोणी विचारलं असतं तर एकही गोष्ट सांगता आली नसती. तरी मी मीटिंगमधून उठून पाणी प्यायला जायचे, आणि पाणी न पिताच परत यायचे.

डोंगरावरचा रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं तेव्हा अटींच्या कामासाठी मला तिथे जावं लागलं. काम संपल्यावर गाडी आपोआप तिच्या घराकडे वळली. दारात सामानाचा ट्रक उभा होता. माथ्यावर अजून काहीच नव्हतं, नुसते खुणेचे खांब. पाती फिरेपर्यंत ती थांबली नव्हती. ती म्हणाली होती तसंच करत होती.

स्वयंपाकघर मोकळं झालं होतं. चुलीच्या जागी भिंतीवर काळा चौकोन उरला होता. ती मला बघून चकित झाली नाही. तालुक्याच्या गावी छोटासा फ्लॅट मिळालाय, म्हणाली, खिडकी कार पार्कवर उघडते, बरं आहे, बघायला काही नाही. मग ती कोपऱ्यातल्या खोक्यांपाशी गेली आणि सासूबाईंचा डबा घेऊन आली. घासून पुसून लख्ख केलेला. तिने तो दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

‘‘तिला सांग, मला नियम आठवतो,’’ ती म्हणाली. ‘‘चूल सकाळीच नेली.’’

डबा इतका हलका होता की मी तो चुकून जास्तच वर उचलला. मी येते म्हटलं आणि आले. परतीच्या वाटेवर डबा शेजारच्या सीटवर होता, त्याचं झाकण प्रत्येक वळणाला खडखडत होतं. मी एकदा गाडी थांबवून तो पट्ट्याने बांधला, तरी खडखडतच राहिला.

रविवारी सासूबाईंचा कॉल आला. मी डबा कॅमेऱ्यासमोर धरला. त्या खूश झाल्या, मग म्हणाल्या, उघड बघू, काय दिलंय. मी उघडला. त्या स्क्रीनच्या जवळ आल्या, चष्मा वर केला.

‘‘चूल काढून नेली होती, आई,’’ मी म्हटलं. ‘‘घर सोडलं तिने.’’

त्यांनी चष्मा काढला. मागे त्यांच्या घरातला पंखा फिरताना दिसत होता.

‘‘तिच्याकडे नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग तू भरून द्यायचास ना तिला परत.’’

काय भरून, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. टेबलाखाली माझा पाय हलत होता, आणि या वेळी त्यांनी मला थांब म्हटलं नाही.